दुसरा मंगळवार

मेथडिस्ट चर्चच्या मागचा हॉल.
दहाला हीटर लावायचा, साडेदहाला तो तापतो,
तोवर आम्ही कोट न काढता बसतो.
मी चिटणीस, म्हणजे वही माझ्याकडे.
उपस्थिती एकतीस. येत नाही म्हणून कळवलेले चार.
कळवू न शकलेला एक : ऑर्डिश.
त्याच्यासाठी मिनिटभर उभे राहिलो.
कुणाच्या तरी कानातलं यंत्र बारीक शीळ घालत होतं,
कुणी ते बंद केलं नाही.

मग हिशेब. मग मे महिन्यातली सहल :
सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. बस वाटेत तीनदा थांबेल
(हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर).
बुधवारचं चालणं पूर्वी सहा मैल होतं,
आता धक्क्यापासून चहाच्या टपरीपर्यंत. परतताना कुणाची तरी गाडी असते.
सोडतीतली मार्मालेडची बरणी सप्टेंबरपासून तीच आहे.
जिंकणारा पुढच्या महिन्यात ती दान करतो.

पाहुणे म्हणाल, तर सगळे येऊन गेलेत.
मधमाश्या पाळणारी बाई,
तिनं रिकामी पेटी उघडली तरी पहिली रांग मागे सरकली.
अंटार्क्टिकाला जाऊन आलेला एक :
प्रोजेक्टर चालेना,
तर तासभर कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत बोलला.
आणि खरं सांगतो, आम्हाला सगळं दिसलं.

फेब्रुवारीत दीपगृहांवर बोलायला डॉक्टर पेनहॅलो यायचे होते.
पावणेअकराला फोन : रस्त्यावर बर्फ, गाडी चरात, माणूस धड आहे.
अध्यक्ष ब्लँचर्डनी घसा खाकरला,
आपल्यातल्याच कुणाला काही बोलायचं असेल तर...
जन्मभर हुकूम सोडलेली, भाव ठरवलेली,
वर्गात छड्या मारलेली माणसं
आपापल्या बुटांकडे बघू लागली.
तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून टॅपलिन म्हणाला,
बर्फावरच बोललो तर चालेल?

अकरा वर्षं एवार्ट टॅपलिन आमचा चहा करतो.
कुणाला किती साखर, त्याला पाठ.
आणखी काय पाठ आहे, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

हात पुसत आला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.
गोदीवर बर्फाच्या कारखान्यात होतो, एकोणतीस वर्षं.
चांगला बर्फ वाजतो.
टिचकी मारली की काचेसारखा. कच्चा असला की लाकूड.
चुरा सोंडेतून थेट बोटीच्या पोटात जायचा,
रात्रभर तो आवाज.
थांबला की गल्लीतल्या बायका जाग्या व्हायच्या,
म्हणजे बोटी निघाल्या.

माझी आई उठायची, ब्लँचर्ड म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

मग बोटी आटल्या.
शेवटच्या लाद्या तयार होत्या, न्यायला कुणी आलं नाही.
वीज तोडली, दारं सताड टाकली.
मी रोज जाऊन बसायचो. पगार नव्हता.
कुणीतरी असावं म्हणून.
नऊ दिवस लागले, जून असूनही.
पाणी गल्लीतून समुद्राकडे चाललं होतं
आणि पोरं त्यात कागदी होड्या सोडत होती.
आमचा धाकटाही होता त्यांत.

एवढंच. मग म्हणाला, चहा निवतोय.

आभार नेहमी ऑर्डिश मानायचा, बावीस वर्षं तोच,
त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते येतच नव्हतं.
शेवटी मी उठलो. तोंडातून शब्द फुटेना.
चमचा उचलला, कपाला एक टिचकी दिली.
वाजला.
मागून आणखी एक कप. मग एक तडा गेलेला, त्याचा आवाज वेगळा.
मग मोजले नाहीत.

वहीत लिहिलं :
व्याख्यान रद्द. चहा थोडा गार.
सोडत : मार्मालेड, ब्लँचर्ड, पुन्हा.